येऊरच्या माकडांचा अभ्यास: चिंपांझी-संशोधनाची पद्धत ठाण्यात कशी वापरायची

चिंपांझी आफ्रिकेत राहतात, पण त्यांच्या बुद्धीचा आणि बोलण्याचा अभ्यास करण्याची जी पद्धत तयार झाली, ती वापरायला आफ्रिकेत जावं लागत नाही. ठाण्यात उपवनच्या पुढे चढण चढून येऊरला गेलं की लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं दोन्ही भेटतात. प्राणिशास्त्राचे किंवा मानसशास्त्राचे विद्यार्थी, निसर्गमंडळातले हौशी लोक, असे तीन-चार जण मिळून एका हिवाळ्यात नीट अभ्यास करू शकतात. डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. पानगळीमुळे दिसतं चांगलं, पाऊस नसतो आणि सकाळी सात ते दहापर्यंत ऊनही सोसण्यासारखं असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. या अभ्यासात माकड किती हुशार आहे हे सिद्ध करायचं नसतं. जे दिसलं त्याचा सगळ्यात साधा अर्थ काय, आणि तो साधा अर्थ कुठे अपुरा पडतो, हे शोधायचं असतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ कॉन्वी लॉइड मॉर्गन यांनी १८९४ साली हाच नियम मांडला: खालच्या पायरीची मानसिक क्रिया पुरत असेल तर वरच्या पायरीचं स्पष्टीकरण देऊ नये. चिंपांझींवरचं टिकलेलं प्रत्येक काम या नियमातून पार पडलेलं आहे, आणि जे कोसळलं ते बहुतेक इथेच कोसळलं.

कोसळलेलं एक उदाहरण सगळ्यांना माहीत असायलाच हवं. निम नावाच्या चिंपांझीला अमेरिकेत हाताच्या खुणांची भाषा शिकवली गेली. हर्बर्ट टेरेस आणि सहकाऱ्यांनी त्याच्या एकापेक्षा जास्त खुणांच्या १९,००० हून अधिक उक्ती नोंदवल्या होत्या. आकडा बघून वाटावं की हा वाक्यं करतोय. मग त्यांनी व्हिडिओ सावकाश, पुन्हा पुन्हा पाहिले. पुष्कळदा शिक्षकाने नुकतीच केलेली खूणच निम परत करत होता. १९७९ साली त्यांनी स्वतःच लिहिलं की यात वाक्यरचनेचा पुरावा नाही. समोर बसून टिपलेल्या हजारो नोंदींत जे दिसलं नाही, ते व्हिडिओत दिसलं. म्हणून आपलाही पहिला नियम: शक्य तिथे व्हिडिओ, आणि नोंद व्हिडिओवरून.

प्रश्न लहान करा

‘माकडं एकमेकांशी बोलतात का?’ हा प्रश्न तीन महिन्यांत सुटणारा नाही. येऊरला जमेल आणि चिंपांझी-संशोधनाशी थेट नातं असेल असा प्रश्न घ्या. आम्ही सुचवतो तो हा: दुसऱ्याकडून ग्रूमिंग, म्हणजे केस विलग करून अंग साफ करणं, करून घ्यायचं असताना माकड आपल्या शरीराचा भाग पुढे करतं, तेव्हा समोरचं आपल्याकडे बघतंय की नाही याचा त्याच्या वागण्यावर परिणाम होतो का?

हा प्रश्न का? युगांडातल्या किबाले जंगलात, न्गोगो इथल्या चिंपांझी नरांवर सिमोन पिका आणि जॉन मितानी यांनी २००६ साली एक काम प्रसिद्ध केलं. ग्रूमिंग चालू असताना एखादा नर आपल्या अंगावरची एक जागा ठळकपणे, आवाज होईल अशी खाजवतो, आणि जोडीदार बऱ्याच वेळा नेमकी तीच जागा साफ करायला घेतो. म्हणजे ‘इथे कर’ असं दाखवणं. माकडं खाजवून नाही, तर खांदा, मान, पाठ पुढे करून मागतात. हे रोज सकाळी होतं, वारंवार होतं, खाण्याशी संबंध नसतो आणि दहा-पंधरा मीटरवरून दिसतं. नवशिक्या गटाला याहून सोयीचा विषय मिळणं अवघड.

परवानगी आणि स्वतःची काळजी

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. उद्यानाच्या हद्दीत पद्धतशीर संशोधन करायचं तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. येऊरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज कसा करायचा ते विचारा आणि कॉलेजचं पत्र सोबत ठेवा. परवानगीला वेळ लागतो, म्हणून डिसेंबरला सुरू करायचं तर अर्ज पावसाळ्यातच टाका. तोपर्यंत पोखरण रोड नंबर २, वसंत विहार, उपवन या पट्ट्यात जंगलातून उतरणारे कळप रस्त्यावरून किंवा सोसायटीच्या गच्चीवरून बघता येतात. गच्चीवर जायला सेक्रेटरींची परवानगी घ्या आणि वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा. नाहीतर दुर्बिणीची दिशा बघून गैरसमज होतो आणि काम पहिल्याच आठवड्यात बंद पडतं.

पाड्यांवरच्या जुन्या माणसांशी बोला. कळप कुठल्या उंबराला कधी येतो, रात्री कुठे झोपतो, हे तिथल्या काका-मावशींना नेमकं ठाऊक असतं. ही माहिती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळायला महिना जाईल. त्यांच्या अंगणात जाताना विचारून जा, फोटो विचारून घ्या.

खाऊ घालायचं नाही, हातात पिशवी ठेवायची नाही, समोर बसून डबा खायचा नाही. ठाण्यातल्या माकडांना प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाणं हे ठाऊक असतं. पिशवी दिसली की ते तुमच्याकडे बघायला लागतात आणि आपापसातलं वागणं थांबतं, म्हणजे तुमची नोंदच गेली. अंतर किमान १० मीटर. आफ्रिकेतल्या संशोधन-केंद्रांवर मास्क आणि अंतराचे नियम आहेत, कारण माणसांचे श्वसनाचे आजार चिंपांझींना लागून त्यात ते मेल्याची नोंद आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातून आहे. आपल्याला सर्दी-खोकला असेल त्या दिवशी घरीच थांबायचं.

डोळ्यांत डोळे घालून बघू नका आणि दात दाखवून हसू नका. रोखलेली नजर ही माकडाला धमकी वाटते. ते भुवया चढवून, तोंड उघडून बघायला लागलं तर नजर खाली करून सावकाश मागे सरका, पळू नका. चावा किंवा ओरखडा बसलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वन विभागाला कळवा. येऊरला बिबट्या आहे, म्हणून उजाडण्याआधी आणि अंधार पडताना तिघांपेक्षा कमी जणांनी जायचं नाही, एकट्याने तर मुळीच नाही.

कोण कोण आहे ते ओळखा

आधी जात ओळखा. काळं तोंड, करड्या अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर, म्हणजे हनुमान लंगूर. लाल-गुलाबी तोंडाच्या माकडांत दोन जाती येतात. बॉनेट मकाकच्या डोक्यावर मध्यापासून बाहेर पसरलेले केस टोपीसारखे दिसतात आणि शेपटी अंगाइतकी किंवा त्याहून लांब असते. ऱ्हीससची शेपटी आखूड, डोक्यावर टोपी नाही आणि मागच्या बाजूचे केस तांबूस. मुंबई-ठाण्याच्या टापूत दोन्ही दिसतात, म्हणून ‘माकड’ एवढीच नोंद चालणार नाही. एका अभ्यासात एकच कळप घ्या.

मग प्रत्येक प्राणी. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण याशिवाय पुढचं सगळं फुकट. कान फाटला आहे का, शेपटीला बाक आहे का, बोट तुटलंय का, चेहऱ्यावर डाग कुठे, मादीची स्तनाग्रं लांब आहेत की आखूड, हे बघायचं. शहरालगतच्या कळपांत विजेच्या तारांमुळे झालेल्या जुन्या जखमा असतात, त्या ओळखायला उपयोगी पडतात. प्रत्येकाचं एक कार्ड करा: समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, शेपटीचा एक, असे चार फोटो आणि खाली कोड. न१, न२ नर, मा१, मा२ मादी, पि१ पिल्लू. जेन गुडॉल यांनी १९६० साली टांझानियातल्या गोंबेला काम सुरू केल्यावर चिंपांझींना नावं दिली, आणि त्यातून प्रत्येकाचं वेगळेपण जगासमोर आलं, हे खरं. पण नवीन गटाने ‘दादा’, ‘लाजरी’ अशी नावं ठेवली की नोंदही तशीच व्हायला लागते. दादाने जागा बदलली तरी ‘हुसकावलं’ लिहिलं जातं. कोडच बरे.

दहा-बारा मोठी माकडं दोघांनी वेगवेगळी, एकमेकांना न विचारता, सलग तीन सकाळ बरोबर ओळखली की पुढे जा. त्याआधीची नोंद हिशेबात धरू नका. तोवर कळपालाही तुमची सवय होते. एक फरक इथे ध्यानात ठेवा: ठाण्यातली माकडं माणसाला घाबरत नाहीत, पण त्याचं कारण त्यांना माणसाकडून काही मिळेल अशी आशा असते. ती आशा संपून ते तुमच्याकडे दुर्लक्ष करायला लागले की सवय झाली असं समजा.

व्याख्या: काय दिसलं तर काय लिहायचं

वागण्याच्या प्रकारांची यादी आणि प्रत्येकाची व्याख्या, याला इथोग्राम म्हणतात. व्याख्येत फक्त शरीराची हालचाल असावी, हेतू किंवा भावना नसावी. ‘रागावलं’ ही व्याख्या नाही. ‘तोंड उघडं, दात झाकलेले, भुवया वर, नजर समोरच्यावर, किमान १ सेकंद’ ही व्याख्या आहे.

नवशिक्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती दात विचकण्याच्या बाबतीत. ओठ मागे ओढून बंद दातांची रांग दाखवणारं माकड हसतंय असं वाटतं. मकाकांमध्ये हे बहुधा खालच्या दर्जाचं माकड वरच्याला दाखवतं. दबल्याची, माघारीची खूण. तोंड उघडून धमकावणं वेगळं आणि दात विचकणं वेगळं, आणि फोटोत दोन्ही सारखीच ‘दात दिसतायत’ अशी वाटू शकतात. या दोन्हींचे प्रत्येकी पाच व्हिडिओ तुकडे नमुना म्हणून बाजूला काढून ठेवा, गटातल्या प्रत्येकाने ते बघूनच सुरुवात करावी.

आपल्या प्रश्नासाठी एवढे प्रकार पुरतात: ग्रूमिंग (हाताने किंवा तोंडाने दुसऱ्याचे केस विलग करणं, किमान ५ सेकंद), भाग पुढे करणं (दुसऱ्याच्या एका हाताच्या अंतरात येऊन अंगाचा एक भाग त्याच्याकडे वळवून स्थिर राहणं, किमान २ सेकंद), स्वतःला खाजवणं, ओठ पटपट हलवणं, दात विचकणं, तोंड उघडून धमकी, जागा सोडणं (एक दीड मीटरच्या आत आल्यावर दुसऱ्याने ५ सेकंदांत उठून जाणं), आणि ‘दिसत नाही’. हा शेवटचा रकाना विसरू नका. त्याशिवाय एखादी गोष्ट तासाला किती वेळा झाली हा दर काढता येत नाही.

खाजवण्याबद्दल थोडं अधिक. न्गोगोच्या चिंपांझींचं वाचून आलेला विद्यार्थी प्रत्येक खाजवण्यात इशारा बघायला लागतो. पण माकडांमध्ये ताण वाढला की स्वतःला खाजवणं वाढतं, हे अनेक जातींमध्ये दिसलेलं आहे. बलवान नर शेजारी बसला, मादीने खांदा खाजवला, मग त्याने तिथेच ग्रूमिंग केलं. हा इशारा होता की तिला नुसती धाकधूक होती? उत्तर द्यायचं तर तुलना लागते: तीच मादी एकटी असताना किती खाजवते, बलवान नर शेजारी असूनही ग्रूमिंग चालू नसताना किती खाजवते. ही तुलनेची नोंद पहिल्या दिवसापासून घ्यावी लागते, नंतर आठवून भरता येत नाही.

कोणाकडे, किती वेळ बघायचं

१९७४ साली जीन ऑल्टमन यांनी वर्तन-नोंदीच्या पद्धतींवर एक लेख लिहिला, आणि आजही रानात काम करणारा प्रत्येक जण तोच वापरतो. त्यातला मुद्दा असा की जे लक्ष वेधून घेतं तेवढंच लिहिलं तर भांडणं आणि उड्या भरपूर मिळतात, शांत बसणं गायब होतं. त्यामुळे कोणाकडे बघायचं हे तुम्ही ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं.

रोज सकाळी सगळ्या कोडच्या चिठ्ठ्या काढून क्रम लावा. यादीतल्या पहिल्या प्राण्याचा १० मिनिटं सलग व्हिडिओ आणि नोंद, मग ५ मिनिटं पुढचा शोधायला. सात ते दहा या तीन तासांत बारा पाळ्या बसतात, म्हणजे बारा प्राण्यांचा एकेक. तीस सकाळी मिळाल्या तर प्रत्येकाचे ५ तास आणि कळपाचे ६० तास होतात. कागदावर. झाडी, कळपाचं रस्त्यापलीकडे निघून जाणं, सुट्टीच्या दिवशी येणारी गर्दी, यात हातात निम्मंच पडेल असं धरून चाला. चिठ्ठीत आलेला प्राणी १५ मिनिटांत सापडला नाही तर पुढचा घ्या आणि राहिलेला दुसऱ्या दिवशी आधी. १० मिनिटांत तो ३ मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिसेनासा झाला तर ती पाळी रद्द. रविवार शक्यतो वगळा, किंवा रविवारची नोंद वेगळी ठेवा. गाड्या आणि खाऊ घालणारे लोक आले की कळप वेगळाच वागतो.

पाळ्यांच्या मधे दर अर्ध्या तासाला दोन मिनिटांत पूर्ण कळपावर नजर फिरवून प्रत्येक जण काय करतोय ते एका शब्दात लिहा. कळपाचा वेळ कशात जातो याचं ढोबळ चित्र त्यातून मिळतं.

सामान फारसं नाही: ८×४२ ची दुर्बीण, मागे-पुढे होणारी लेन्स असलेला कॅमेरा, हलकी तिपाई, सगळ्यांची नेटवर्कवर जुळवलेली घड्याळं आणि छापील तक्ता. कपडे मळखाऊ रंगाचे. मोबाइलवर झूम करून घेतलेल्या व्हिडिओत १० मीटरवरून डोळ्यांची दिशा कळत नाही, आणि आपल्या प्रश्नात तीच लागते. उसना का होईना, कॅमेरा मिळवा.

हेतू आहे हे कशावरून ठरवायचं

आता अभ्यासाचा गाभा. एखादी हालचाल समोरच्याला काही कळवण्यासाठी केली आहे, हे माकडाला विचारता येत नाही. चिंपांझी-संशोधकांनी त्यासाठी बाहेरून दिसणाऱ्या कसोट्या ठरवल्या आहेत, आणि युगांडाच्या बुदोंगो जंगलात कॅथरीन होबायटर आणि रिचर्ड बर्न यांनी त्या वापरून २०११ साली चिंपांझींचे ६६ हावभाव मांडले. पुढे २०१४ साली, हावभावानंतर काय झाल्यावर तो थांबतो, यावरून त्यांनी अर्थ शोधले. अर्थ शोधण्याची ही युक्ती आपल्याला फार उपयोगाची आहे: ‘भाग पुढे करणं’ जर ग्रूमिंग सुरू झाल्यावरच थांबत असेल, तर त्याचा अर्थ ग्रूमिंगशी जोडता येतो.

प्रत्येक वेळी ‘भाग पुढे करणं’ दिसलं की व्हिडिओवरून पाच गोष्टी टिपा. हालचालीच्या आधीच्या २ सेकंदांत समोरच्याचा चेहरा याच्याकडे होता का. ‘याच्याकडे’ म्हणजे दोघांना जोडणाऱ्या रेषेपासून ४५ अंशांच्या आत. हालचाल करणाऱ्याने स्वतः त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं का. हालचाल करून तो थांबला का, किती सेकंद. प्रतिसाद आला नाही तर त्याने परत केलं का, आणि परत करताना काही बदललं का: जवळ गेला, स्पर्श केला, आवाज काढला. आणि शेवटी काय झालं.

भरलेली ओळ अशी दिसते:

०७:४२:१० — मा३, समोर न१ — डावा खांदा पुढे — न१चा चेहरा दुसरीकडे — मा३ने पाहिलं: हो — थांबली ४ सेकंद — परत: हो, कोपराने न१च्या हाताला स्पर्श करून — १३ सेकंदांनी ग्रूमिंग, डावा खांदा — मा३ स्थिर.

या एका ओळीत बरंच आहे. समोरचा बघत नव्हता, नुसतं दाखवून काही झालं नाही, मग तिने स्पर्श केला. चिंपांझींमध्ये नेमकं हेच आढळतं: समोरचा बघत असेल तर नजरेने कळणारा हावभाव, बघत नसेल तर स्पर्श किंवा आवाज. पण एका ओळीने काहीच सिद्ध होत नाही. ती नाहीतरी स्पर्श करतच होती की काय? म्हणून समोरचा बघत असतानाच्या सगळ्या वेळा आणि बघत नसतानाच्या सगळ्या वेळा वेगळ्या मोजायच्या, आणि दोन्हींत स्पर्शाचं प्रमाण काढायचं. फरक दिसला नाही तर तोही निकाल आहे, तो तसाच लिहायचा.

माकडं माणसाशी असं करतात का, यावर आपल्याच देशात काम झालं आहे. बंदीपूरच्या बॉनेट मकाकांवर अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माणसाकडे खाणं मागताना हात पुढे करणं आणि ‘कू’सारखा आवाज काढणं यांची याच कसोट्यांवर तपासणी केली. येऊरच्या गेटजवळ तुम्हाला असंच काही दिसू शकेल. दुसऱ्या लोकांनी खाऊ घातला तर ते लांबून टिपा. स्वतः खाऊ घेऊन उभं राहू नका. उद्यानात ते चालत नाही, आणि पुढच्या वाटसरूच्या हातातली पिशवी ओढली जाते ती अशानेच.

व्हिडिओवरून नोंदीसाठी बोरिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. इथोग्रामचा प्रत्येक प्रकार एका कीला जोडता येतो आणि वेळ आपोआप पडते. व्हिडिओ अर्ध्या वेगाने, आवाज बंद ठेवून बघा. आवाज ऐकू आला की ‘ओरडलं म्हणजे मागत असणार’ असं मन आधीच ठरवतं. आवाजाची नोंद दुसऱ्या फेरीत.

आवाज

मोबाइलचं साधं रेकॉर्डिंग अॅप आवाज दाबून ठेवतं आणि पार्श्वभूमीचा गोंगाट कापताना माकडाच्या आवाजाचे वरचे भागही कापतं. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली फाइल तर अभ्यासाला निरुपयोगीच. डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक चॅनल, अशी सोय असलेलं अॅप किंवा छोटा रेकॉर्डर घ्या. आपोआप आवाज कमी-जास्त करणारी सोय बंद करा. अशी फाइल तासाला साधारण ३१८ एमबी जागा घेते, तेवढं कार्ड ठेवा. माइकवर फोमची टोपी हवीच. वाऱ्याचा घों-घों आवाज नंतर काढता येत नाही. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे व्हिडिओ आणि आवाज नंतर जुळवता येतात. टाळी कळपापासून लांब, दिवसाच्या सुरुवातीला एकदाच. घोडबंदर रोडची घरघर सकाळी साडेआठनंतर वाढते. ती खालच्या पट्टीत असते आणि २०० हर्ट्झखालचा भाग कापला की बराच त्रास कमी होतो.

स्पेक्ट्रोग्रामसाठी (वेळेनुसार आवाजातल्या वारंवारता दाखवणारं चित्र) रेव्हन लाइट किंवा ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरतं. लांब, सुरेल आवाजांसाठी विंडो, म्हणजे एका वेळी तपासायच्या आवाजाच्या तुकड्याची लांबी, १०२४ ठेवा. त्यात वारंवारता सुमारे ४३ हर्ट्झच्या बारकाव्याने दिसते, पण वेळ २३ मिलिसेकंदांच्या ठोकळ्यात. भुंकल्यासारख्या तुटक आवाजांसाठी २५६. वेळ नीट कळते, वारंवारता ढोबळ होते. सगळ्यांना एकच विंडो लावली की एका प्रकारचे आवाज हमखास चुकीचे मोजले जातात.

आवाजांच्या मालिका मोजणार असाल तर मालिका कुठे संपली हे आधी ठरवा, उदाहरणार्थ १ सेकंदाहून मोठी शांतता म्हणजे शेवट. ताई जंगलात ४६ मोठ्या चिंपांझींच्या ४,८२६ रेकॉर्डिंगमधून १२ प्रकारचे आवाज आणि त्यांच्या ३९० वेगवेगळ्या मालिका मिळाल्या, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं. असं काम व्याख्या आधी घट्ट असल्यामुळेच जमतं. तुमच्या तीन महिन्यांत मालिकांपर्यंत जाऊ नका. ‘भाग पुढे करताना आवाज होता की नव्हता’ एवढं पुरे.

दोघांना तेच दिसतं का

गटातल्या दोघांनी तेच व्हिडिओ स्वतंत्रपणे नोंदवायचे, किमान पाचवा हिस्सा. मग जुळवायचं. ‘नव्वद टक्के जुळलं’ यावर खूश होऊ नका. समजा १०० नोंदींत पहिल्याने २० वेळा ‘बघत होता’ लिहिलं, दुसऱ्याने १८ वेळा, आणि ९० ठिकाणी दोघांचं जुळलं. पण नुसत्या योगायोगानेही ०.२०×०.१८ अधिक ०.८०×०.८२, म्हणजे ०.६९२ इतकं जुळलंच असतं. योगायोग वजा करून जुळणं मोजणारा आकडा, म्हणजे कोहेनचा कप्पा, काढायचा तर (०.९०−०.६९२) ला (१−०.६९२) ने भागा: ०.६८ येतो. ०.८० पर्यंत न्या. ०.६० च्या खाली असेल तर चूक माणसांची नाही, व्याख्येची आहे. ती बदला आणि आधीचे व्हिडिओ परत नोंदवा. नजरेच्या दिशेबाबत पहिल्या खेपेला कप्पा कमी येतो, कारण ‘बघत होता’ हे डोळ्यांवरून ठरवायचं की मानेवरून, हे दोघांनी वेगळं धरलेलं असतं. व्याख्येत ‘चेहरा’ म्हटलंय, तेव्हा नाकाची दिशा धरा.

शक्य असेल तर नोंद करणाऱ्या एकाला तुमचा प्रश्न सांगूच नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो असं सगळ्यांना वाटत होतं. ऑस्कर फुंगस्ट यांनी तपासलं तर प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या बारीक हालचालींवरून तो टाप आपटायचं थांबवत होता. तुमची माकडं तुम्हाला बघत नसतील, पण तुमचा पेन्सिल धरलेला हात तुमच्या अपेक्षेला बघत असतो.

आकडे मोजताना

मा३ने चाळीस वेळा खांदा पुढे केला म्हणून चाळीस पुरावे होत नाहीत. तो एका माकडाचा एक पुरावा. प्रत्येक माकडाचं आपलं प्रमाण काढा: समोरचा बघत नसताना स्पर्श किती टक्के, बघत असताना किती. मग माकडं मोजा. ज्यांच्या पुरेशा नोंदी आहेत अशी नऊ माकडं मिळाली आणि त्यातल्या आठांमध्ये फरक एकाच दिशेने असला, तर साध्या चिन्ह-कसोटीने (फरक किती माकडांत कुठल्या दिशेने आहे एवढंच ती बघते) पी, म्हणजे नुसत्या योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता, ०.०३९ येतो. नऊपैकी सातांतच असला तर ०.१८, म्हणजे ठामपणे काही सांगता येत नाही. कॅल्क्युलेटरवर होणारा हिशेब आहे आणि गुंतागुंतीच्या सॉफ्टवेअरपेक्षा यात फसगत कमी.

नवे नियम आकडे बघितल्यावर काढू नका. ‘पिल्लं वगळली तर निकाल येतो’ हे नंतर सुचलं तर अहवालात नंतर सुचलं असंच लिहा. कोणती माकडं घ्यायची, किमान किती नोंदी हव्यात (आम्ही प्रत्येक परिस्थितीत निदान ५ सुचवतो), कुठली कसोटी लावायची, हे काम सुरू करण्याआधी एका कागदावर लिहून, तारीख घालून, मार्गदर्शक शिक्षकांकडे सही करून ठेवा.

आरसा ठेवून बघू, खोटा साप ठेवून बघू, असा मोह होईल. चिंपांझींवर अशी कामं झाली आहेत: चिंपांझी आरशात स्वतःला ओळखतात का हे बघणारा गॉर्डन गॅलप यांचा प्रयोग १९७० चा, आणि बुदोंगोत कॅथरीन क्रॉकफर्ड आणि सहकाऱ्यांनी नकली साप ठेवून पाहिलं की साप न दिसलेला सोबती जवळ असला की चिंपांझी धोक्याचा इशारा जास्त देतात. पण ही कामं रीतसर मंजुरी घेऊन, प्राण्यांना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या लोकांनी केली. येऊरला रस्त्याच्या कडेला घाबरलेला कळप गाड्यांखाली येऊ शकतो. तुम्ही निरीक्षणच करा.

काम संपलं की मूळ व्हिडिओ दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि तक्त्यांसोबत इथोग्रामची शेवटची प्रत जोडा. अहवालाची एक प्रत येऊरच्या वन कार्यालयात द्या. माहिती देणाऱ्या पाड्यावरच्या माणसांना निकाल मराठीत, तोंडी, जाऊन सांगा. कळपाची झोपायची झाडं मात्र सोशल मीडियावर टाकू नका.